रेडिओ खगोलशास्त्राच्या लॅबसाठी डेस्कटॉपवर काय टाकावं – विंडोज, उबुंटू, अल्मा की मॅक?

माणदेशी_फिजिक्स

नमस्कार मंडळी. जरा लांबडं लिहितेय, पण सगळी परिस्थिती सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळायचा नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी. फिजिक्सला शिकवते. यंदा पोरांना प्रोजेक्टला रेडिओ खगोलशास्त्र द्यायचं ठरवलंय, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी ह्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचा आर्काइव्हमधला जुना डेटा उतरवायचा, त्यातला कचरा काढायचा, कॅलिब्रेट करायचा (म्हणजे माहीत असलेल्या स्रोतावरून आकडे दुरुस्त करायचे) आणि शेवटी आकाशाचं चित्र बनवायचं. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला आमची ट्रिप खोडदला जाते, पोरं 45 मीटरच्या डिशसमोर उभी राहून फोटो काढतात आणि परत येतात, पण त्या डिशमधून निघालेल्या आकड्यांना आमच्याकडे आजवर कुणी हात लावलेला नाही, ही माझ्या मनातली जुनी खंत आहे.

आता मशीनचं. लॅबमध्ये सहा जुने डेस्कटॉप आहेत, इंटेलचे सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, विंडोज 10. त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ह्या मशीनवर अधिकृतपणे चढतच नाही, ते आठव्या पिढीपासून पुढचं मागतं. शिवाय सहा नवीन मशीनचं बजेट मंजूर झालंय. सप्लायरचं म्हणणं विंडोज 11 घ्या, त्यातच लिनक्स चालतं आता, आणि गेमिंगचं ग्राफिक कार्डपण टाका, सायंटिफिक कामाला लागतंच. एक सहकारी म्हणतात मॅक मिनी घ्या, कटकट नाही. मला चालवायचंय ते मुख्यतः कासा, म्हणजे रेडिओ डेटावर काम करायचं सॉफ्टवेअर, त्याच्याआधी डेटा फिट्स फाइलमध्ये बदलून देणारी जीएमआरटीची लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स ही छोटी टूल्स, जमलंच तर हे सगळं ओळीने आपोआप करणारी कॅप्चर पाइपलाइन, आणि चित्र बघायला डीएसनाइन किंवा कार्टा.

अडचणी दोन. एक म्हणजे ह्याच खोलीत बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल होतं आणि तिथल्या डेटालॉगरचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. दुसरी म्हणजे आमचे लॅब असिस्टंट, मनापासून काम करणारा माणूस आहे पण लिनक्स कधी वापरलेलं नाही, आणि मी रजेवर असले तर सगळं त्यांनाच बघावं लागणार. मी स्वतः पीएच.डी.ला फेडोरा वापरलं होतं, त्याला बारा वर्षं झाली. तर काय टाकू, विंडोज, मॅक, की उबुंटू किंवा अल्मासारखं एखादं लिनक्स?

---

उबुंटूकर

मॅडम, उबुंटू 24.04 टाका. फुकट आहे, 2029 पर्यंत अपडेट मिळतात, जुन्या सहा मशीनवरपण आरामात चालेल. तुमच्या लॅब असिस्टंटना आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल दाखवा, लिनक्सचे मराठीत आहेत, आमच्याकडच्या शिपायापासून क्लार्कपर्यंत सगळ्यांनी त्यावरूनच शिकलंय.

---

बेसलाइन_435

उबुंटूकर यांचं उत्तर चुकीचं नाही, पण सुरुवात तिथून करू नये असं मला वाटतं. मी आठ वर्षं जीएमआरटीच्या डेटावरच काम करतोय, पुण्यात, आणि ह्या काळात सॉफ्टवेअर बसवण्यात जितके दिवस गेलेत तितक्यात दोन पेपर लिहून झाले असते. म्हणून जरा सविस्तर.

आधी सॉफ्टवेअरला विचारायचं की बाबा तुला कुठे चालायचंय, आपली आवडनिवड नंतर. कासा विंडोजसाठी बनतच नाही, फक्त लिनक्स आणि मॅक. त्यातही बनवणाऱ्यांची खरी टेस्टिंग रेड हॅट ह्या लिनक्सवर होते, उबुंटूवर चालतं, बहुतेक लोक तिथेच चालवतात, पण रुसलं तर आधी उबुंटूवरच रुसतं. लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स लिनक्सवर चालवायची टूल्स आहेत. म्हणजे प्रश्न विंडोज की लिनक्स असा उरतच नाही, कुठलं लिनक्स आणि कसं बसवायचं एवढाच उरतो.

कसं बसवायचं ह्यात लोक जास्त मार खातात. कासा दोन प्रकारे मिळतं. एक म्हणजे पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या टूलने) पायथनची पॅकेजेस म्हणून, आणि दुसरं म्हणजे अख्खी टारची फाइल, जिच्या पोटात तिचा स्वतःचा पायथन असतो. तुम्ही डोळे झाकून दुसरं घ्या. पिपवाली पॅकेजेस पायथनच्या ठरावीक आवृत्त्यांसाठीच बनलेली असतात, उबुंटू 24.04 मध्ये पायथन 3.12 येतो, तुम्हाला हवी ती कासाची आवृत्ती त्याच्यावर बसेलच असं नाही, आणि वरून उबुंटू आता सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला हातच लावू देत नाही, सरळ एरर देतं. मग पोरं इंटरनेटवर बघून तो अडथळा जबरदस्तीने पाडतात आणि दोन आठवड्यांनी मशीनच धड चालत नाही. टारची फाइल ऑप्ट फोल्डरमध्ये उघडली की काम झालं, काढायची असेल तर फोल्डर उडवला की संपलं, आणि दोन वेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. उबुंटूवर एक लिबफ्यूज-टू नावाची लायब्ररी वेगळी टाकावी लागते, 22.04 पासून ती आपोआप येत नाही आणि ती नसली की कासाचं आलेख दाखवणारं प्लॉटएमएस उघडत नाही, ह्यावर माझा एकदा अख्खा शनिवार गेलाय.

आता हार्डवेअर. सप्लायरचं ग्राफिक कार्ड घेऊ नका. कासाचं काम प्रोसेसर, रॅम आणि डिस्कवर चालतं, त्या कार्डाचे पैसे रॅममध्ये आणि एसएसडीमध्ये घाला. हिशोबच करून बघा ना. डेटा अँटेनांच्या प्रत्येक जोडीचा नोंदला जातो, 30 अँटेना म्हणजे जोड्या 435. अपग्रेड झालेल्या जीएमआरटीच्या डेटात 2048 चॅनल, दोन ध्रुवीकरणं, प्रत्येक आकडा कॉम्प्लेक्स म्हणजे 8 बाइट, की एका नोंदीला साधारण 14 एमबी झाले. 5 सेकंदाला एक नोंद धरली तर तासाला 10 जीबी. कासा त्याच्या शेजारी कॅलिब्रेट केलेला रकाना आणि मॉडेलचा रकाना उभा करतं, दोन्ही तेवढ्याच आकाराचे, म्हणजे एका तासाच्या निरीक्षणाचे 30 जीबी. आठ तासांचं निरीक्षण घेतलं तर तुमच्या जुन्या मशीनची डिस्क त्यातच भरेल.

पण शिकवायला एवढा मोठा डेटा घ्यायची गरजच नाही. अपग्रेडच्या आधीचा जुना डेटा घ्या, 32 मेगाहर्ट्झ बँडविड्थ, 256 चॅनल, 16 सेकंदाला एक नोंद. तोच हिशोब लावला की तासाला 400 एमबी येतात, तिन्ही रकाने धरून सव्वा जीबी. हा 8 जीबीच्या मशीनवर पोरं एका दुपारी कॅलिब्रेट करतील. म्हणजे जुनी सहा मशीनं टाकाऊ नाहीत, त्यांना योग्य डेटा द्या. नवीन सहांना मात्र 32 जीबी रॅम आणि 1 टीबी एसएसडी.

---

नांदेडचा_पोरगा

मॅम, मी एम.एस्सी. सेकंड इयरला आहे आणि माझं सगळं प्रोजेक्ट विंडोज 11 वर डब्ल्यूएसएल मधून, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायच्या सोयीतून केलंय, लॅपटॉप एकच आहे आणि घरच्यांना त्यावर विंडोज लागतं म्हणून. चालतं, खरंच चालतं, कासाच्या प्लॉटच्या खिडक्यापण उघडतात विंडोज 11 मध्ये. पण तीन गोष्टी मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहिली, डेटा सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून उघडायचा नाही, इतकं स्लो होतं की मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, रात्रभर फ्लॅगिंग (खराब डेटा बाजूला काढणं) चालू ठेवलं तरी सकाळी अर्धंच झालेलं. डेटा लिनक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये आणला आणि तेच काम चहा पिऊन येईपर्यंत झालं. दुसरी, डब्ल्यूएसएल सगळं एका मोठ्या व्हर्च्युअल डिस्कच्या फाइलमध्ये ठेवतं आणि ती फाइल फुगते पण आतला डेटा उडवला तरी आपोआप आकसत नाही, माझी सी ड्राइव्ह लाल झाली तेव्हा कळलं. तिसरी, रॅम निम्मीच मिळते, 16 पैकी 8, ती वाढवायला एक सेटिंगची फाइल स्वतः लिहावी लागते.

लॅपटॉपवर एकट्यासाठी ठीक आहे मॅम, पण बारा मशीनवर प्रत्येक पोराच्या लॉगिनला वेगळं डब्ल्यूएसएल तयार होणार, ते सांभाळायचं म्हणजे अवघड आहे. मी तर म्हणेन नको.

---

ड्विंगेलोहून

मी सध्या नेदरलँड्समध्ये आहे, मूळची सांगलीची, कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ डेटावरच पीएच.डी. चालू आहे. मॅकबद्दल मी सांगते कारण रोज वापरते.

मॅक वाईट नाहीये. कासाचं मॅकसाठी अधिकृत पॅकेज मिळतं, कार्टापण छान चालतं, टर्मिनल आहेच. पण एम-वन पासूनचे मॅक म्हणजे एआरएम प्रोसेसर, आणि आपल्या क्षेत्रातली कितीतरी टूल्स इंटेलवर, लिनक्सवर, दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी एका पोस्टडॉकने लिहिलेली असतात. कासाच्या जुन्या आवृत्त्या रोझेटातून, म्हणजे इंटेलची सॉफ्टवेअर नव्या मॅकवर चालवणाऱ्या सोयीतून, पळवाव्या लागतात, जीव्हीफिट्ससाठी मी शेवटी लिनक्स सर्व्हरवरच लॉगिन करते. म्हणजे माझा मॅक ही बसायची खुर्ची आहे, काम लिनक्सवरच होतं. आमच्याकडे मागे मोठी लिनक्स मशीनं आहेत म्हणून हे परवडतं. तुमच्याकडे मागे काही नाही, डेस्कटॉपवरच सगळं करायचंय, त्यामुळे मॅक मिनी नको असं मी मनापासून सांगेन. शिवाय रॅम नंतर वाढवता येत नाही, जी घेतली ती घेतली.

आणि पोरांचा विचार करा ना. ती उद्या कुठल्याही संस्थेत गेली तरी समोर लिनक्सच येणार. आत्ता हात बसू दे.

---

सर्व्हर_सांभाळणारा

मी एका संशोधन संस्थेत सिस्टिम अॅडमिन आहे, शास्त्रज्ञ नाही, तेव्हा खगोलशास्त्रातलं काही बोलत नाही, मशीन चालू कशी राहतील तेवढंच सांगतो.

आमच्याकडे सगळं आधी सायंटिफिक लिनक्सवर होतं. फर्मीलॅब आणि सर्न ह्यांनी मिळून चालवलेलं, रेड हॅटवरूनच बनवलेलं, नावातच सायंटिफिक म्हणून आम्ही निर्धास्त होतो. 2019 ला फर्मीलॅबने सांगितलं की पुढची आठवी आवृत्ती निघणार नाही, सेंटओएस वापरा, तेही रेड हॅटवरूनच बनलेलं. आम्ही सेंटओएस 8 वर गेलो, डिसेंबर 2020 ला जाहीर झालं की 2029 पर्यंत चालणारं हे 2021 च्या शेवटीच बंद करतोय. दोन वर्षांत दोनदा घर बदललंय आम्ही. त्यानंतर त्याच्या जागी रेड हॅटवरूनच बनवलेले रॉकी आणि अल्मा आले, 2022 च्या डिसेंबरात सर्न आणि फर्मीलॅबने अल्मा निवडलं, आम्हीपण अल्मा 9 वर आहोत आणि ते 2032 पर्यंत जातं. हे सगळं सांगतोय ते अल्माची जाहिरात म्हणून नाही. ज्याच्यावर तुम्ही आज विश्वास टाकताय ते उद्या बंद होऊ शकतं, म्हणून सॉफ्टवेअरला ऑपरेटिंग सिस्टिमशी घट्ट बांधायचं नाही.

बांधायचं नाही म्हणजे काय करायचं, तर कंटेनर. अॅपटेनर म्हणून आहे, आधी त्याचं नाव सिंग्युलॅरिटी होतं. तुम्हाला हवं ते लिनक्स, हवा तो पायथन, कासा, जीव्हीफिट्स, कॅप्चर सगळं एका फाइलमध्ये कोंबायचं, ती एक फाइल बारा मशीनवर कॉपी करायची, साधा युजर रूटच्या परवानगीशिवाय चालवू शकतो. डॉकर विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये देऊ नका, ज्याला डॉकर चालवायची परवानगी मिळाली त्याला जवळजवळ रूटच मिळालं असं धरून चाला. फक्त उबुंटू 24.04 वर साध्या युजरच्या कंटेनरला अॅपआर्मर ही उबुंटूची सुरक्षा व्यवस्था आडवी येते, त्याची परवानगी इन्स्टॉल करतानाच देऊन ठेवा. जुन्या पाइपलाइन अजून पायथन 2.7 वर आहेत, उबुंटू 24.04 च्या रिपॉझिटरीत पायथन 2 राहिलेलाच नाही, तिथे तर कंटेनरला पर्यायच नाही.

ग्लिबसीचं, म्हणजे लिनक्सवरची जवळजवळ सगळी सॉफ्टवेअर जिच्यावर चालतात त्या मूळ लायब्ररीचं, एक लक्षात ठेवा, कारण ह्या एररने पोरं घाबरतात. नव्या लिनक्सवर बनवलेलं सॉफ्टवेअर जुन्यावर चालत नाही, ग्लिबसी अमुक आवृत्ती सापडली नाही म्हणतं. रेड हॅट 8 मध्ये 2.28, 9 मध्ये 2.34, उबुंटू 22.04 मध्ये 2.35, 24.04 मध्ये 2.39. उलट जुन्यावर बनवलेलं सहसा नव्यावर चालतं. ती लायब्ररी हाताने बदलायला जाऊ नका, अख्खी सिस्टिम बसते, लॉगिनसुद्धा होत नाही.

ड्युअल बूट शक्यतो करू नका. एकाच मशीनवर दोन ठेवली की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, मग लिनक्सला ते पार्टिशन फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. बूटलोडर बदलला की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, रिकव्हरी की मागतं आणि ती कुणी लिहून ठेवलेली नसते. आणि घड्याळ बिघडतं, विंडोज मशीनच्या आतलं घड्याळ आपल्या वेळेने धरतं, लिनक्स जागतिक वेळेने, की भारतात बरोब्बर साडेपाच तासांचा फरक. हे सगळं सोडवता येतं, पण बारा मशीनवर दर आठवड्याला कोण सोडवत बसणार?

---

माणदेशी_फिजिक्स

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ग्राफिक कार्ड कोटेशनमधून काढायला सांगितलं, त्या पैशात रॅम 32 जीबी होतेय. मॅकपण बाजूला ठेवलं.

अजून दोन प्रश्न. उबुंटू की अल्मा ह्यावर अजून मन ठरत नाहीये. बेसलाइन_435 म्हणतात टेस्टिंग रेड हॅटवर होते, म्हणजे अल्मा जवळचं. पण इथे आसपास ज्याला कुणाला लिनक्स येतं त्याला उबुंटूच येतं. आणि दुसरं, डेटालॉगरचं काय करू, ते वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या टूलमध्ये, चालेल का?

---

सर्व्हर_सांभाळणारा

वाइनच्या नादी लागू नका. सॉफ्टवेअर उघडेल पण यूएसबीचा ड्रायव्हर चालायचा नाही, आणि उपकरणाचा जीव त्या ड्रायव्हरमध्ये असतो. जुन्या सहापैकी एक मशीन तशीच विंडोज 10 वर ठेवा, इंटरनेटची वायर काढून टाका, डेटा पेनड्राइव्हने न्या. सपोर्ट संपलेली सिस्टिम नेटवर नसली तर धोका पुष्कळ कमी होतो. पेनड्राइव्ह मात्र त्या कामाचा वेगळा ठेवा.

उबुंटू-अल्माचं माझं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. कंटेनर किंवा टारची फाइल वापरणार असाल तर खाली कुठलं आहे ह्याने फार फरक पडत नाही. मग जे तुमच्या लॅब असिस्टंटना रात्री आठ वाजता फोनवर कुणाला विचारून दुरुस्त करता येईल, ते टाका.

---

बेसलाइन_435

ह्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत, आणि मी अल्मावाला आहे. मॅडमच्या परिस्थितीत उबुंटूच. फक्त सगळ्या मशीनवर एकच आवृत्ती ठेवा, जुन्यांवर एक आणि नव्यांवर दुसरी असं करू नका. नाहीतर एका पोराचं चालतं आणि शेजारच्याचं नाही, आणि कारण शोधण्यात तास जातो.

एक कामाची गोष्ट राहिली. डेटा प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा, नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमधून कासा चालवू नका, कासा डेटा ज्यात ठेवतं तो मेजरमेंट सेट म्हणजे एक फाइल नसून अख्खा फोल्डर असतो, त्यात सतत लिहिणं-वाचणं चालतं, लॉकिंगचे घोळ होतात. पोरांना आणखी एक सवय लावा, जीएमआरटीकडून येणाऱ्या मूळ एलटीए फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं. फ्लॅगिंग चुकलं तर तासाभरात परत सुरुवातीपासून येता येतं, डेटा परत उतरवत बसावं लागत नाही. आणि तुमच्याकडे नेट कसं आहे ते मला माहीत नाही, पण आमच्या गावाकडे 20 जीबी उतरवायला दोन रात्री लागतात.

---

नांदेडचा_पोरगा

सर, लिस्टस्कॅन चालवल्यावर लॉगची फाइल येते आणि तिच्यावर जीव्हीफिट्स चालवलं की टेस्ट डॉट फिट्स येतं, दरवेळी तेच नाव, हे पण मॅमना सांगा. दुसऱ्या दिवसाचा डेटा त्याच फोल्डरमध्ये बदलताना आधीची फिट्स फाइल मध्ये येते. मी प्रत्येक निरीक्षणाला वेगळा फोल्डर करतो आता.

---

माणदेशी_फिजिक्स

तीन आठवड्यांनी परत आलेय, कारण काय झालं ते सांगितलं नाही तर बरं नाही वाटणार.

अकरा मशीनवर उबुंटू 24.04 टाकलं. आधी एका मशीनवर सगळं नीट बसवलं, मग क्लोनझिलाने तिची प्रत बाकीच्यांवर मारली. पहिल्या फेरीत मी मशीन-आयडी आणि एसएसएचच्या चाव्या न पुसता प्रती काढल्या, सगळ्या मशीनची ओळख एकच झाली, ते निस्तरायला एक दुपार गेली. पुढे कुणी करत असेल तर प्रत काढायच्या आधी ते पुसा. कासाची टार फाइल ऑप्टमध्ये, लिबफ्यूज-टू टाकलं, प्लॉटएमएस पहिल्याच झटक्यात उघडलं, तुमचा शनिवार माझ्या कामाला आला बेसलाइन_435. कॅप्चर आणि जीव्हीफिट्स अॅपटेनरच्या एका फाइलमध्ये आहेत, ती फाइल बनवायला सर्व्हर_सांभाळणारा यांनी फोनवर दोन तास दिले. बारावी मशीन डेटालॉगरसह कोपऱ्यात, नेटशिवाय. आपोआप होणारे अपडेट सेमिस्टर संपेपर्यंत फक्त सिक्युरिटीपुरते ठेवलेत.

लॅब असिस्टंटनी मराठी स्पोकन ट्युटोरियल घरी बसून पाहिले, स्वतःची वही केलीय, त्यात कमांड देवनागरीत लिहून समोर अर्थ लिहिलाय. त्यांची एकच तक्रार होती की नोटिसा जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायची सवय आहे, इथे तो फॉन्ट नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून दिला, आठवडा जड गेला त्यांना, आता नोटीस सरळ व्हॉट्सअॅपवरपण जाते आणि समोरच्याला चौकोन दिसत नाहीत, म्हणून खूश आहेत.

काल दोन मुलींनी जुन्या 8 जीबीच्या मशीनवर 3सी 286 हा कॅलिब्रेटर (आकडे ज्याच्यावरून जुळवायचे तो माहीत असलेला स्रोत) आणि त्याच्या शेजारचं क्षेत्र पूर्ण केलं. मोबाइल आणि वीजवाहिन्यांचा कचरा काढण्यातच दोन दिवस गेले त्यांचे. शेवटी टीक्लीन, म्हणजे कासाची चित्र बनवायची पायरी, संपलं आणि कार्टामध्ये काळ्या पडद्यावर ठिपके उमटले, तेव्हा खोलीत सगळे उठून त्या मशीनपाशी गेले. मीपण.

आता एक अडचण आहे. अँटेनाची यादी काढली तर त्यात सी-06 नंतर एकदम सी-08 येतो. एस-05 पण नाही आणि पूर्वेकडचे ई-02 पासून सुरू होतात. पोरं म्हणतायत कन्व्हर्ट करताना डेटा गळला, कंटेनरमधल्या जीव्हीफिट्सची आवृत्ती चुकली असेल. मी सगळं परत बनवू का?

---

बेसलाइन_435

नका बनवू मॅडम, काही गळलेलं नाही. सी-07, एस-05 आणि ई-01 ह्या नावाचे अँटेनाच नाहीत. मोजून बघायला सांगा त्यांना, मधल्या चौकात सी-00 पासून सी-14 पर्यंत सात सोडून 14, पूर्वेला 5, दक्षिणेला 5, पश्चिमेला 6. तीस भरले की तुमचं जीव्हीफिट्स बरोबर आहे.

आणि त्या दोन मुलींचं चित्र इथे टाका ना.